फाटक्या मॅटचे मनोगत

'होय, मी फुटकी पाटी बोलतेय!' या एका वाक्याच्या जोरावर मी मिरजेत दहावीपर्यंत निबंधात तरलो. पाटी, छत्री, पडका वाडा, समोर येईल त्याला बोलतं करायचं, मधल्या दोन परिच्छेदांत त्याचे यथेच्छ हाल करायचे, शेवटी एक सुस्कारा सोडायला लावायचा आणि पुरवणी बांधायची. त्यामुळे इथे न्यू जर्सीत लेक बारावीला आली, कॉलेजच्या अर्जासाठी स्वतःबद्दल निबंध लिहायचाय म्हणाली, तेव्हा मी बाह्या सरसावल्या.

"शब्द किती?"

"साडेसहाशे. वर एकही नाही. फॉर्म घेतच नाही."

हा 'कॉमन अ‍ॅप'चा, म्हणजे अनेक कॉलेजांच्या सामाईक अर्जाचा निबंध. एकदा लिहायचा, तोच सगळ्या कॉलेजांना जातो. दिलेल्या सात विषयांतला सातवा म्हणजे 'हवं त्यावर लिहा'. सुज्ञ माणसाने तो घ्यावा. लेकीने दुसरा घेतला: आयुष्यात आलेली अडचण किंवा अपयश सांगा, आणि त्यातून काय शिकलात तेही सांगा.

इथेच घोडं अडलं. सतरा वर्षं आम्ही दोघांनी पोरीच्या वाटेतला खडा न् खडा वेचला होता, आणि आता चष्मे पुसून एखादा चुकून राहिलाय का ते शोधत बसलो होतो. आमच्या फुटक्या पाटीला हिच्यापेक्षा जास्त अनुभव होता.

"तिसरीत स्पेलिंगच्या स्पर्धेत तू दुसरी आली होतीस," बायको हळहळत म्हणाली.

"आई, दुसरं येणं म्हणजे अपयश नसतं."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. आमच्या दोघांच्याही माहेरी ते असतं.

मग मी माझी शिल्लक बाहेर काढली. भारनियमन, मेणबत्ती, एका खोलीत पाच माणसं, वहीवर ठिबकलेलं मेण.

"बाबा, तो तुझा स्ट्रगल आहे."

"मग घे की! घरातलाच आहे."

नाही घेतला. शिवाय प्रत्येक कॉलेजचे आणखी छोटे निबंध निराळेच. स्टॅनफर्डला होणाऱ्या रूममेटसाठी मजकूर हवा. शिकागो विद्यापीठाने तर एका वर्षी निबंधाला विषयच दिला होता, 'क्ष शोधा'. मी शाळेत दुसरं काय केलं? पण तेव्हा तो सापडला नाही तर छडी मिळायची.

अर्ज लवकर करणाऱ्यांची मुदत 1 नोव्हेंबर. आदल्या आठवड्यात घरात चकलीच्या भाजणीचा वास आणि लेकीच्या खोलीचं दार बंद. मी दोनदा चहाच्या निमित्ताने डोकावलो. दुसऱ्यांदा तिने लॅपटॉप मिटला. उपमा-उत्प्रेक्षा काही लागल्या तर सांग म्हणालो, तर दारच मिटलं.

शेवटी रात्री साडेदहाला तिने लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. "वाच. बदल सुचवायचे नाहीत."

निबंध आमच्या गाडीच्या मॅटपासून सुरू होत होता. चालवणाऱ्याच्या नव्हे, शेजारच्या सीटच्या. ती गाडी शिकत असताना मी तिथे बसायचो आणि सिग्नल दिसला की उजवा पाय कचकन दाबायचो. तिथे ब्रेक नाही हे मला ठाऊक आहे. पायाला नाही. सहा महिन्यांत त्या मॅटला टाचेएवढं भोक पडलं, ते मी आजवर पाहिलं नव्हतं. तिने पाहिलं होतं. गाडी थांबवायची दोघांनी, पण ब्रेक एकालाच, असं काहीसं इंग्रजीत लिहून तिने पुढे मी 'गजानना, गजानना' कसं पुटपुटतो तेही घातलं होतं. म्हणजे ज्या अडचणीसाठी आम्ही घर पालथं घातलं, ती शेजारच्या सीटवर पट्टा बांधून बसली होती.

मी दोनदा वाचलं. बायकोने उभ्याउभ्याच वाचलं, सोऱ्या हातात तसाच.

"कसा आहे?"

"चांगला आहे," मी घसा खाकरून म्हणालो. "फक्त ते 25 च्या पाटीशी मी ओरडलो असं लिहिलंयस ना, तेव्हा काटा 38 वर होता. तेवढं घाल."

तिने स्क्रीनच्या कोपऱ्यातला आकडा दाखवला. 650.

"सॉरी बाबा. जागा नाही."