‘३०० टक्के मृत्युदर’वाल्या शस्त्रक्रियेला पुरावा काय?

रॉबर्ट लिस्टन या सर्जनबद्दलची एक पोस्ट पुन्हा फिरते आहे. म्हणे, लंडनमध्ये त्यांनी अडीच मिनिटांत एका रुग्णाचा पाय कापला, घाईत मदतनिसाची बोटंही उडवली आणि सुरी कोटाला लागताच बघायला आलेला एक डॉक्टर धसक्याने जागीच गेला. रुग्ण आणि मदतनीस पुढे गँगरीनने दगावले. एक शस्त्रक्रिया, तीन बळी, म्हणून ‘३०० टक्के मृत्युदर’.

हे आलं कुठून ते आधी पाहू. लिस्टन वारले १८४७ मध्ये. हा किस्सा सर्वतोमुखी झाला तो रिचर्ड गॉर्डन यांच्या १९८३ च्या ‘ग्रेट मेडिकल डिझास्टर्स’मुळे. गॉर्डन डॉक्टर होते, पण नाव कमावलं विनोदी कादंबऱ्यांवर. मधली १३६ वर्षं ओलांडून लिस्टन यांच्या काळात गेलं, तर या तिघांच्या मृत्यूची एकही नोंद हाती लागत नाही. पोस्टमध्ये मेलेल्यांची नावं नाहीत, तारीखही नाही.

‘त्या काळी अशी प्रकरणं दाबली जायची’ हा बचावही टिकत नाही. थॉमस वेकली यांचं ‘द लॅन्सेट’ हे वैद्यकीय साप्ताहिक १८२३ पासून सर्जनांच्या चुका नावानिशी छापत होतं. १८२८ मध्ये गाईज हॉस्पिटलात ब्रॅन्सबी कूपर यांची मूतखड्याची शस्त्रक्रिया जवळपास तासभर रखडली आणि रुग्ण गेला. वेकलींनी ते सगळं छापलं, त्यापायी अब्रूनुकसानीचा दावाही अंगावर घेतला. भर शस्त्रक्रियागृहात एक डॉक्टर मरून पडला असता, तर ते गप्प बसले असते? लिस्टन यांना शत्रूही कमी नव्हते. एडिंबराच्या रॉयल इन्फर्मरी या इस्पितळाने त्यांना काही वर्षं बाहेरच ठेवलं होतं.

टक्केवारीचं तर बोलायलाच नको. मृत्युदर रुग्णांचा मोजतात, बघ्यांचा नाही.

मला सर्वांत खुपतो तो ‘वेगापायी माणसं मारणारा’ हा शिक्का. भूल नव्हती. रुग्ण जागा, चारजणांनी दाबून धरलेला. प्रत्येक जादा मिनिट म्हणजे आणखी वेदना, आणखी रक्त. १८३५ ते १८४० या काळात लिस्टन यांनी केलेल्या ६६ अंगच्छेदनांपैकी १० रुग्ण दगावले, म्हणजे साधारण सहात एक. त्या काळच्या मानाने हा आकडा चांगलाच होता.

आणि वेगाचीच हौस असती, तर भूल त्यांना नकोशी वाटली असती. झालं उलटं. बोस्टनमधल्या, ईथर हुंगवून भूल देण्याच्या प्रयोगाला जेमतेम दोन महिने झाले होते, तेव्हा २१ डिसेंबर १८४६ रोजी युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलात, विद्यार्थ्यांसमोर, त्यांनी फ्रेडरिक चर्चिल नावाच्या बटलरचा पाय ईथर देऊन मांडीतून कापला. दुसऱ्याच दिवशी एडिंबराचे सर्जन जेम्स मिलर यांना लिहिलेल्या पत्राची सुरुवातच आनंदाच्या आरोळीने आहे. त्यात ते कळवतात की रुग्णाला आमचं बोलणं ऐकू येत होतं, पण ना सुरी जाणवली, ना रक्तवाहिन्या बांधल्याची वेदना. त्याच दिवशी पायाच्या अंगठ्याचं नख काढलेल्या दुसऱ्या रुग्णाचाही त्यात उल्लेख आहे. हे पत्र आजही वाचायला मिळतं.