‘४०४ आला तरी कॅच चालत नाही, कोर्समधला कोडच चुकीचा’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

दोन स्टार दिलेत, पण कारणं नीट लिहिलीत, म्हणून मीही नीट उत्तर देतो. तुमच्या तक्रारी दोन. सर्व्हरकडून ४०४ (‘सापडलं नाही’) आला तरी आमच्या जावास्क्रिप्ट कोर्सच्या कोडमधला कॅच (एरर पकडणारा भाग) चालत नाही. आणि फसलेली रिक्वेस्ट आपोआप पुन्हा पाठवायला आम्ही शिकवत नाही.

कॅच चालत नाही हे खरं आहे, पण कोड बरोबर आहे. फेच (सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवणारं फंक्शन) तसंच वागतं. नेटवर्क तुटलं, डोमेन सापडलं नाही, कॉर्सने (दुसऱ्या साइटचा डेटा वाचण्यावरच्या ब्राउझरच्या नियमाने) अडवलं, तर त्याचं प्रॉमिस (नंतर मिळणाऱ्या निकालाचं वचन) रिजेक्ट होतं आणि कॅच चालतो. ४०४ किंवा ५०० (सर्व्हरमधली चूक) हे मात्र सर्व्हरने दिलेलं उत्तर आहे. समोरच्याने फोनवर ‘नाही’ सांगितलं म्हणून फोन लागलाच नाही असं आपण म्हणत नाही, तसंच हे. त्यामुळे आधी ‘रिस्पॉन्स डॉट ओके’ बघायचं (स्टेटस २०० ते २९९ मध्ये असेल तरच ते ट्रू असतं) आणि नसेल तर एरर आपणच थ्रो करायची. धड्याच्या पहिल्या भागात मुद्दाम नुसता कॅच ठेवलाय, दुसऱ्या भागात ही तपासणी येते. तुम्ही बहुधा पहिल्यावरच थांबलात.

ॲक्सिऑसमध्ये (फेचच्या जागी वापरतात ती लायब्ररी) हे आपोआप होतं, हे तुमचं म्हणणं बरोबर. तिथून फेचकडे येणारे म्हणूनच इथे अडखळतात. तपासणी नसली की कोड सरळ जेसन (डेटा लिहिण्याची एक पद्धत) वाचायला जातो, सर्व्हरने पाठवलेलं असतं एचटीएमएलचं एरर पेज, आणि कन्सोलवर दिसते सिंटॅक्स एरर. मग माणूस जेसनमधला कंस शोधत बसतो आणि चुकलेली असते यूआरएल!

जाता जाता : रिव्ह्यूत तुम्ही चिकटवलेल्या कोडमध्ये फेचच्या आधी अवेट (निकाल येईपर्यंत थांबायला सांगणारा शब्द) नाही. तसं असेल तर नेट बंद असतानाही तो ट्राय-कॅच फेचची एरर पकडणार नाही.

आता रिट्राय, म्हणजे फसलेली रिक्वेस्ट आपोआप पुन्हा पाठवणं. तो सरसकट शिकवत नाही आणि शिकवणारही नाही. गेट (नुसती माहिती मागणारी रिक्वेस्ट) पुन्हा पाठवायला सहसा हरकत नसते. पोस्टचं (सर्व्हरवर काही नोंदवायला पाठवतात त्या रिक्वेस्टचं) तसं नाही. अबॉर्ट सिग्नलने (रिक्वेस्ट मध्येच सोडून द्यायची सोय) टाइमआउट लावून तुम्ही वाट बघणं सोडलंत, तरी सर्व्हरवरचं काम थांबलं असेलच असं नाही. ऑर्डर नोंदली गेली, फक्त उत्तर पोचलं नाही, असंही होतं. आणि तुमचा कोड दुसरी ऑर्डर टाकून मोकळा. सर्व्हर आयडेम्पोटन्सी की (तीच रिक्वेस्ट पुन्हा आली हे ओळखायची खूण) ओळखत असेल तर खुशाल पाठवा. ४२९ (‘फार रिक्वेस्ट येताहेत’) आला तर उत्तरासोबतचा रिट्राय-आफ्टर हेडर (किती वेळाने पुन्हा पाठवायचं ते) वाचून तेवढं थांबा. आणि ४०० (‘रिक्वेस्टच चुकीची’) आला असेल तर तीच रिक्वेस्ट शंभरदा पाठवून उत्तर बदलणार नाही.

तुमचा पूर्ण कोड त्या धड्याखालच्या प्रश्नांत टाका, मी स्वतः बघतो. फक्त त्यातली एपीआय की (सेवा वापरायची तुमची गुप्त किल्ली) आधी काढा, रिव्ह्यूत ती तशीच दिसते आहे.