कालच्या हवामानाचा तक्ता

उद्याचे हवामान सांगणे अवघड असते हे सर्वांना मान्य आहे, आणि अंदाज चुकला तरी सांगणाऱ्याला लोक चार शब्द सुनावून सोडून देतात. कालचे हवामान सांगणे त्याहून अवघड असते, हे मात्र घरच्या हवामान केंद्राची रोजची आकडेवारी संकेतस्थळावर तक्त्यात मांडू पाहणाऱ्यालाच कळते. यंत्राचे काम सरळ आहे. ते तापमान, आर्द्रता, वायुदाब, वारा आणि पाऊस मोजते व दिवसाअखेर फाइलमध्ये एक ओळ टाकते. त्या ओळींचा मासिक तक्ता करणारी, पीएचपी या संगणकभाषेतली स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, फुकट मिळते आणि तिच्या आरंभी टीप असते, की केवळ दोन-चार ओळी आपल्यापुरत्या बदलाव्यात. ती टीप लिहिणारे गृहस्थ फार आशावादी असावेत.

पहिला तंटा दिवस केव्हा सुरू होतो यावरच उभा राहतो. माझा दिवस मध्यरात्री उलटतो. पर्जन्यमापक पूर्वापार सकाळी वाचला जात असल्याने हवामानशास्त्रातील पावसाचा दिवस बहुधा सकाळी उलटतो. आणि स्क्रिप्ट ज्या सर्व्हरवर राहते तो जागतिक प्रमाणवेळ पाळतो. परिणामी रात्री दोनच्या सरीला दोन वेगवेगळ्या तारखा मिळतात, भिजलेला मी मात्र एकच असतो. जेथे उन्हाळ्यासाठी घड्याळ पुढे-मागे करतात, तेथे वर्षातून एक दिवस २३ तासांचा आणि एक २५ तासांचा निघतो. स्क्रिप्ट दोघांनाही निःपक्षपातीपणे २४ ने भागते.

खरे रणकंदन रिकाम्या चौकटीचे असते. संवेदकाची बॅटरी संपली की काही यंत्रे जागा मोकळी सोडतात, तर काही तेथे -९९९९ लिहितात. मोकळ्या जागेचे संख्येत रूपांतर करायला सांगितले की पीएचपी विनातक्रार शून्य देते, आणि ऐन उन्हाळ्यात किमान तापमानाची चौकट गडद निळी होऊन आजवरच्या विक्रमांच्या यादीत मानाने जाऊन बसते. -९९९९ तर निरपेक्ष शून्यालाही, म्हणजे ज्याखाली तापमान जाऊच शकत नाही त्या बिंदूलाही, लाजवते. पण ते निदान उघडपणे खोटे असते. पावसाच्या रकान्यातील शून्य अधिक धूर्त, कारण ते कोणालाही खटकत नाही. कोळ्याने पर्जन्यमापकाचे नरसाळे जाळ्याने बुजवले, तर बाहेर छत्र्या उलटत असताना तक्ता अत्यंत शांतपणे कोरडा महिना जाहीर करतो.

वाऱ्याच्या दिशेची सरासरी हा स्वतंत्र छळ आहे. वारा एकदा ३५० अंशांवरून आणि एकदा १० अंशांवरून, म्हणजे दोन्ही वेळा जवळजवळ उत्तरेकडून आला, तर साधी सरासरी १८० येते आणि वारा थेट दक्षिणेचा ठरतो. ते टाळण्यासाठी, शाळा सुटल्यावर ज्यांना कायमचा निरोप दिला होता, त्या साइन आणि कोसाइन यांना सन्मानाने परत बोलवावे लागते.

हे सर्व निस्तरले की पृष्ठाचे एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, जुने असल्याने अंशाच्या प्रत्येक चिन्हाआधी टोपी घातलेला इंग्रजी ए हजर होतो. तोही हाकलला की संकेतस्थळाला सर्व्हरवर जागा देणारे होस्टिंगवाले न विचारता पीएचपी अद्ययावत करतात. २०२० साली आलेल्या पीएचपी ८ मध्ये, मूल्य न देताच वापरलेल्या चलाबद्दलची जुनी दबकी सूचना बढती मिळून इशारा झाली आहे. त्यामुळे तक्त्याच्या डोक्यावर इशाऱ्यांचा ढीग दिसतो आणि तापमान शोधत खाली जावे लागते.

वार्षिक तक्त्यात बारा रकाने आणि ३१ ओळी असतात. स्क्रिप्टने सर्व चौकटी भरायच्या असे ठरवलेले असल्यामुळे तेथे ३० फेब्रुवारीही आहे. त्या तारखेला आजवर एकदाही पाऊस पडलेला नाही, आणि माझ्या संपूर्ण तक्त्यात कोणीही आक्षेप घेऊ शकणार नाही अशी ती एकमेव नोंद आहे.