शिक्का कुणाच्या काट्यावर?

2024-25 च्या गळीत हंगामातली गोष्ट. लिहू की नको करत इतके दिवस गेले. साखर कारखान्याचं नाव विचारू नका, आमच्या आबांचा ऊस अजून तिथंच जातो.

आमच्याकडं "काटा मारला", म्हणजे वजनात ऊस चोरला, हे "पाऊस लांबला" इतक्या सहज म्हणतात. गावातला प्रत्येक जण म्हणतो, मोजून कुणीच बघत नाही. ऊस गव्हाणीत, म्हणजे गाळपाच्या पट्ट्यावर, पडला की पुरावा संपला. मी पुण्याहून सुट्टीला आलेला शहाणा. म्हटलं, एकदा बघूच. उसानं भरलेला ट्रॅक्टर आधी गावाबाहेरच्या भुईकाट्यावर, म्हणजे अख्खी गाडी तोलणाऱ्या काट्यावर, घातला. कारखान्यात रिकामा झाल्यावर येताना पुन्हा तिथंच. कारखान्याच्या पावतीत 1 क्विंटल 80 किलो कमी! त्या हंगामाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, 10.25 टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेला) टनाला 3,400 रुपये होती. म्हणजे तोडणी-वाहतूक कापायच्या आधी एका खेपेला 612 रुपये.

मग तक्रार केली. खात्याचं नाव वैधमापन शास्त्र, पण लोक वजनमापेवालेच म्हणतात. अन्न व नागरी पुरवठा विभागाखालचं हे खातं. भाजीवाल्याच्या तराजूपासून पेट्रोल पंपाच्या नोझलपर्यंत सगळं यांच्या अखत्यारीत. कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2011 ला. इलेक्ट्रॉनिक काटा दर बारा महिन्यांनी तपासून मुद्रांकन, म्हणजे सरकारी शिक्का, करून घ्यावा लागतो. पंपावर शंका आली तर 5 लिटरच्या मापानं मोजून दाखवा म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. (मी तो आजवर एकदाही वापरलेला नाही. मागं गाड्यांची रांग असते आणि आपल्याला लाज वाटते.)

निरीक्षक आठव्या दिवशी आले. माणूस सज्जन, पण त्यांच्याकडं दोन तालुके होते. कारखान्याचा काटा तपासला. वजनं ठेवली, उचलली, आकडा बरोबर. आठ दिवसांत कुणी काही फिरवलं असेल का, हे त्यांनाही सांगता येईना आणि मलाही. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही बाहेर कुठं मोजला होता?"

आम्ही सगळे गावच्या भुईकाट्यावर आलो. साहेबांनी प्रमाणपत्र मागितलं. मालकानं गणपतीच्या फोटोमागून काढून दिलं. मुदत सात महिन्यांपूर्वी संपलेली! माझा पुरावाच बेकायदा निघाला आणि खटला झाला गावच्या भुईकाट्यावर. मूळ कायद्यात बिनमुद्रांकित काटा वापरला तर पहिल्या वेळी दंड 2,000 ते 10,000 रुपये. पैसे भरून तडजोडीनं प्रकरण मिटवायची सोयही आहे. मालकानं भरले, मिटवलं, आणि महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

निरीक्षकांवर माझा राग नाही. नियमानं ते बरोबरच वागले. पण हिशेब करून बघा. रोज 5,000 टन गाळणाऱ्या कारखान्यात शंभरात एक टन जरी खाल्ला, तर दिवसाला 50 टन, म्हणजे 1 लाख 70 हजार रुपये. 120 दिवसांच्या हंगामात दोन कोटींवर. असं होतंच, असं मी म्हणत नाही. पण झालं, तर त्यापुढं हा दंड म्हणजे चहापाणी. कायद्याला दोघं सारखेच, कागदावर. प्रत्यक्षात ज्याचं प्रमाणपत्र गणपतीमागं असतं तो सापडतो. ज्याच्याकडं कॉम्प्युटर विभाग आहे त्याचे कागद चोख असतात.

आणि खरी मेख त्या कॉम्प्युटरातच आहे. सील आणि शिक्का काट्याला, आकडा दाखवणाऱ्या इंडिकेटरला. शेतकऱ्याच्या हातात पडते ती पावती मात्र कॉम्प्युटरातून छापून येते. मधल्या वायरीत काय होतं ते कोण तपासणार? म्हणून काट्यावरून थेट छापलेली पावती द्या आणि आकडा बाहेर मोठ्या पाटीवर दिसू द्या, असं शेतकरी म्हणतात तेव्हा त्यात राजकारण शोधू नका. दर हंगामात जिल्हाधिकारी भरारी पथकं नेमतात. पथक गेटवर आलं की सगळ्या यार्डाला पाच मिनिटांत कळतं. त्याला भरारी कसलं म्हणायचं!

माझं म्हणणं एवढंच आहे की या खात्याला माणसं द्या, आणि ती आधी मोठ्या काट्यावर पाठवा. दोन तालुक्यांना एक निरीक्षक, त्यातच बाजारपेठ, पंप, गॅस, दिवाळीत मिठाईच्या खोक्याचं वजन. तो सोपी शिकारच करणार. मीही तेच केलं असतं.

गावच्या भुईकाट्याला आता नवं प्रमाणपत्र आहे. मालकानं काच लावून दर्शनी भिंतीवर टांगलंय, बहुतेक मला दिसावं म्हणूनच. यंदा मोळी पडल्यापासून, म्हणजे हंगाम सुरू झाल्यापासून, आमच्या वाटेवरचे चार-पाच ट्रॅक्टर आधी तिथं वजन करून जातात. ड्रायव्हर कुरकुरतात, वीस मिनिटं जातात. दोन्ही पावत्या आबा टाचणीनं जोडून कपाटात ठेवतात. आत्तापर्यंत एकोणीस जोड्या झाल्यात. सर्वांत मोठा फरक 40 किलोचा.