पातेलंभर पाणी ठेवून शेगडीचं विष जात नाही

बेळगावकडच्या धो-धो पावसाच्या जांबोटीतल्या आमच्या मावशीनं परवा एक फॉरवर्ड धाडला. 'पावसाळ्यात गरोदर बाईच्या खोलीत रात्रभर कोळशाची शेगडी ठेवा, बाळाला ऊब मानवते.' खाली मुद्दे, शेवटी हात जोडलेले. तिची सून सहाव्या महिन्यात आहे, नाहीतर मी असलं काही उघडूनही बघत नाही.

'धूर नाही, म्हणजे धोका नाही.' फुललेल्या निखाऱ्याला लाकडापेक्षा धूर कमी, एवढं कबूल. पण जीव घेतो तो कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना रंग ना वास, आणि लालबुंद निखाऱ्यातूनही तो निघतच असतो.

'शेजारी पाण्याचं पातेलं ठेवा, वायू शोषला जातो.' हा वायू पाण्यात जवळपास विरघळतच नाही. पातेल्यानं फार तर हवा ओलसर होईल. जांबोटीत, तेही पावसाळ्यात!

'आई ठणठणीत, तर बाळ ठणठणीत.' हे ज्यानं लिहिलं त्याच्या कानाखाली काढावीशी वाटते. हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. वारेतून (प्लॅसेंटातून) तो बाळाकडे जातो, तिथं सावकाश चढतो, आईपेक्षा जास्त साचतो आणि उतरतोही उशिरा. आईचं डोकं दुखतं, मळमळतं. घरचे म्हणतात पित्त झालंय, आलं-लिंबू दे. सकाळी दार उघडलं की तिला हुशारी वाटते, तेव्हाही बाळाच्या रक्तातला वायू तसाच असतो. बोटाला लावायचं मशीन ९८ दाखवतं म्हणून निर्धास्त होऊ नका. त्याला प्राणवायू आणि हा वायू यांतला फरकच कळत नाही, त्यासाठी रक्तच तपासावं लागतं.

कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९१ साली अशी बाधा झालेल्या सुमारे ४० गरोदरपणांचा अभ्यास छापला. सौम्य बाधेतली मुलं नीट जन्मली, हेही त्यात आहे. मात्र तीव्र बाधा झालेल्या पाचजणींपैकी दोघींचं बाळ पोटातच गेलं आणि तिसरीच्या बाळाच्या मेंदूला इजा झाली. आता बंद खोलीत झोपलेल्या बाईला आपली बाधा सौम्य की तीव्र, हे मध्यरात्री कोण सांगणार?

राहिला 'आमच्या आज्या शेगडीशेजारीच निजल्या' हा मुद्दा. आज्यांच्या घरावर कौलं होती, फटीफटीतून वारा खेळायचा. आता वर स्लॅब आणि काचेच्या सरकत्या खिडक्या. शिवाय त्या काळी ज्यांची पोटं पडली त्यांचं खापर दृष्ट लागण्यावर फुटलं, खरं कारण कुणी शोधलंय?

निखाऱ्यावर डालगं पालथं घालून कपडे जरूर वाळवा, पण ओसरीवर. खोलीत शेगडी असताना गरोदर बाईचं डोकं दुखायला लागलं, गरगरलं, तर आधी तिला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ लावा. शेगडी होती आणि कितवा महिना आहे, दोन्ही डॉक्टरांना सांगा. आईला बरं वाटलं तरी बाळासाठी ऑक्सिजन पुढं बराच वेळ चालू ठेवावा लागतो.