पणजोबांची म्हैस

गेल्या शनिवारी, वयाच्या ५२व्या वर्षी, भर वाचनालयात मला 'आवाज करू नका' अशी ताकीद मिळाली. आणि ती मिळाली तेव्हा मी एक अक्षरही बोलत नव्हतो, हे आधीच नमूद करून ठेवतो.

एका लग्नात आमच्या मूळ गावावरून भावकीत वाद पेटला, तो मिटवण्यासाठी मी कोल्हापुरातल्या एका जुन्या वाचनालयात पणजोबांना शोधायला गेलो होतो. ज्या करवीर गॅझेटात २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांचा ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम छापला गेला, त्याच्या आगेमागे आमचे पणजोबा निदान दंड भरताना तरी सापडतील, अशी माझी माफक अपेक्षा होती. काउंटरवरून गॅझेटाऐवजी एक अर्ज पुढे आला.

"नात्याचा पुरावा जोडा."

"तोच शोधायला आलोय."

"मग सापडला की जोडा."

बऱ्याच विनवण्यांनंतर कोणा घराण्याने दिलेले एक मोडी दप्तर माझ्यापुढे आपटण्यात आले. मोडी वाचनाच्या वर्गाचे प्रमाणपत्र माझ्याकडे आहे. मोडी मात्र त्याच्यासोबतच फ्रेममध्ये गेली असावी. आधी पानभर आडवी रेघ ओढून तिला अक्षरे टांगायची, दोन शब्दांत जागा सोडायची नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ मानायचेच नाही, अशी ही लिपी. त्यात वर्ष फसली सनाचे, म्हणजे जुन्या महसुली कालगणनेचे; इसवी सन हवा तर ५९० मिळवा. माणसे 'अमुक बिन तमुक', म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, आडनावाचा पत्ता नाही, आणि आमच्या पणजोबांचे नाव तर त्या काळी दर चार घरांआड एकाचे असावे. एका जागी 'बिन'च्या पुढची अक्षरे ओळखीची वाटली, तर नेमक्या तिथे कोणा उपकारकर्त्याने चिकटपट्टी लावलेली. ती पिवळी पडून सुटताना अर्धी शाई सोबत घेऊन गेली होती.

समोर पंख्याखाली ज्यांना सगळे आबा म्हणतात ते गृहस्थ पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिले.

"दाखल्याचं काय?"

२०२३मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून जुन्या कागदावर वाकलेला प्रत्येक माणूस जातीच्या दाखल्यासाठीच वाकलेला असतो, असे सर्वांनी ठरवले आहे. मी नुसतीच वंशावळ हवी असल्याचे सांगितले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी कीव उमटली.

"पेठ कुठली?"

"शिवाजी पेठ."

"तालीम?"

तालमीची पायरी मी जन्मात चढलो नव्हतो, त्यामुळे गप्प राहिलो. आबांनी मागच्या बाकाला कळवले, "तालीम सांगंना झालाय, म्हंजे मूळचा न्हवंच."

हे मला लागले, म्हणून पणजोबा गंगावेशीत दूध घालायचे, एवढी घरात ऐकलेली माहिती मी पुरवली. तीच चूक झाली. आबांनी पेपराची घडी केली.

"मिशाळ? डाव्या पायानं लंगडत?"

"माहीत नाही."

"मला म्हाईत हाय की!"

पणजोबा वारले त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी आबा जन्मले असावेत, हा हिशेब मांडायची संधी मला मिळालीच नाही. "आमच्या आज्याकडनं पंढरपुरी म्हस न्हेली तुमच्या पणजानं! शिंगं पाऽर पाठीवर आल्याली. सव्वीस रुपय ठरलं, वीस दिलं. सहा अजून बाकी हाईत!"

स्पर्धा परीक्षेच्या चार मुलांनी माना वर केल्या. एकाने कोरा कागद ओढून नम्रपणे विचारले, "काका, व्याज सरळ धरू का चक्रवाढ?"

नेमक्या याच क्षणी काउंटरवरची व्यक्ती उठून आली. तोवर आबा पेपराच्या घडीत शिरले होते आणि पोरगा टक्केवारीत, त्यामुळे ताकीद माझ्या वाट्याला आली. वर्षाची वर्गणी मी भरतो. आबा फुकट पेपर वाचतात आणि पंखाही त्यांच्याच डोक्यावर फिरतो. कागद सांभाळायला इथे कुणाला सवड नाही, पण मोठ्या आवाजात सांगितलेली म्हैस तासाभरात पेठभर होते. रविवारी सकाळी दूधवाल्याने मला विचारले, "म्हशीचं मिटलं का?"

अर्जातला पुराव्याचा रकाना अजून कोरा आहे. नात्याला साक्षीदार म्हणून सही द्यायला आबा तयार आहेत, फक्त आधी सहा रुपये म्हणतात.