जपानी शिपायाचा खाऊ : एका वाचकाला उत्तर

नमस्कार. दुसऱ्या महायुद्धात अंदमान जपान्यांच्या ताब्यात होतं, त्या काळातल्या आजीच्या पोर्ट ब्लेअरवरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया चार दिवस डोक्यात घोळते आहे. तुमचे आक्षेप दोन. पोरांच्या हातावर खडीसाखर ठेवणारा जपानी शिपाई रंगवून मी अंदमानातल्या कत्तलींवर पांघरूण घातलं, हा पहिला. नेताजींनी तिथे फडकवलेल्या तिरंग्याबद्दल चकार शब्द नाही, हा दुसरा.

दुसऱ्याचं आधी सांगतो, कारण तिथे मी मागे हटणार नाही. ३० डिसेंबर १९४३ ला जिमखाना मैदानावर झेंडा लागला तेव्हा आजी आठ वर्षांची होती आणि घरात बसून होती. अंगावर धड फ्रॉक नव्हता. कापड संपलं होतं, गोणपाट शिवून घालायची वेळ आलेली. तिने जे पाहिलंच नाही ते तिच्या तोंडी कसं घालू? शिवाय त्याच दिवसांत तिथले डॉक्टर आणि पंजाबी कवी दिवाणसिंग सेल्युलर जेलमध्ये जपान्यांचा छळ सोसत होते. १४ जानेवारीला ते गेले. झेंड्याबद्दल लिहायचं तर ती कोठडीही लिहावी लागते, आणि तो आजीचा लेख राहत नाही.

एक दुरुस्ती. पोर्ट ब्लेअरजवळच्या होमफ्रेगंजला ३० जानेवारी १९४४ ला ४४ जणांना हेर ठरवून गोळ्या घातल्या, तुम्ही म्हणता तसे चारशे नव्हेत. शेकड्यांनी माणसं मेली ती १९४५ च्या ऑगस्टमध्ये, हॅवलॉक बेटाजवळ. तुमच्याकडून दोन घटनांची सरमिसळ झाली आहे.

आता पहिला आक्षेप. खडीसाखरेची गोष्ट आजीने मला शंभरदा सांगितली असेल. तिच्या बाबांना भर बाजारात बसलेली थप्पड तिने एकदाच सांगितली, तीही भाजी निवडता निवडता. शिपाई दिसला की कमरेत वाकायचं, ते वाकले नाहीत किंवा पुरेसे वाकले नाहीत. मी शंभरदा ऐकलेलं लिहिलं आणि एकदा ऐकलेलं सोडलं. ‘इचि, नि, सान’ हे जपानी एक, दोन, तीन तिला म्हातारपणीही पाठ होतं, ते लिहिलं. तिचे बाबा लांबालाइनच्या धावपट्टीवर सक्तीने माती वाहायचे, ते गाळलं. विमानाने अंदमानला जाणारे आजही तिथेच उतरतात. पुढे रसद आणणारी जहाजं बुडू लागली, तांदूळ मिळेना, तेव्हा रताळी आणि समुद्राचं पाणी आटवून काढलेलं मीठ एवढंच घरात उरलं. हे मात्र मी लिहिलं होतं. तुमच्या नजरेतून सुटलं असावं.

पण एक गोष्ट मी जाणूनबुजून काढली होती, ती आता कबूल करतो. आजीच्या शेजारचे एक काका आमची कुदळ मागून घेऊन गेले आणि परत आलेच नाहीत. आजीची तक्रार कुदळीबद्दल असायची. ‘आमची कुदळ गेली ती गेलीच.’ तिचे आजोबा साताऱ्याकडून जन्मठेपेवर गेलेले, सुटल्यावर तिथेच जमीन कसू लागले. शेतकऱ्याच्या घरात कुदळ जाणं म्हणजे मोठीच गोष्ट. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची किरकिर आहे. लेख लांबत होता, कापून टाकली.

तुम्ही हॅवलॉक नुसतं ओझरतं लिहिलंत, त्यावरून मी पुन्हा वाचायला बसलो. अन्न पुरेना म्हणून म्हातारे आणि बेकार लोक निवडले, नव्या बेटावर शेती करायला नेतो असं सांगून बोटींत भरलं आणि किनाऱ्यापासून दूर समुद्रात लोटलं. शेती करायला. म्हणजे जाताना कुणी काय बरोबर घेईल?

हे माझं जुळवणं आहे, पुरावा नाही. ते काका कोण, कुठल्या बोटीत होते, काही सांगता येत नाही. आजी आता नाही. तिची धाकटी बहीण आहे, तिला काल फोन केला. ती तेव्हा सहा वर्षांची. काका आठवतात का विचारलं, तर नाही म्हणाली. मग कुदळीचं विचारलं.

‘दांडा नवा बसवला होता,’ ती म्हणाली. ‘बाबांनी दिला नसता, पण त्याने सांगितलं, आठवड्यात आणून देतो.’